उजेडाचं जुनं गणित आणि नवी पेटंटं: परीक्षकांना व नियंत्रकांना खुलं पत्र

प्रति,
देशातील पेटंट परीक्षक व नियंत्रक,
आणि परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारे अधिकारी

सप्रेम नमस्कार.

कोकणात आमच्या गावी शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी रात्री सहाणेवरून उठते आणि होमापाशी येऊन नाचते. मुंबई-पुण्यातल्या सगळ्यांनाच रजा मिळत नाही, म्हणून गेली काही वर्षं आम्ही तो सोहळा थेट दाखवतो. पुण्यात माझी चार जणांची कंपनी आहे. कॅमेऱ्यातलं चित्र आकसून, तुटपुंज्या नेटवरसुद्धा आमच्या सर्व्हरपर्यंत पोचवणारी एक छोटी पेटी आम्ही बनवतो. सर्व्हरवर ते उलगडून एच.२६४ या नेहमीच्या, सर्वमान्य व्हिडिओ-मानकात लोकांच्या फोनवर जातं. देवळं, कीर्तनं, शाळांची स्नेहसंमेलनं आणि तालुक्याच्या कुस्त्या ही आमची गिऱ्हाइकं.

पहिल्या वर्षी पालखी नाचायला लागली आणि डोंबिवलीहून आत्याचा फोन आला. "अरे, एरवी सगळं छान दिसतं. पालखी नाचायला लागली की नुसते चौकोन दिसतात. देवी दिसतच नाही."

तिचं म्हणणं बरोबर होतं. व्हिडिओ आकसताना आपण प्रत्येक फ्रेम नव्याने पाठवत नाही. मागच्या फ्रेममधला हा तुकडा उचल, चार पिक्सेल उजवीकडे सरकव आणि इथे ठेव, एवढंच सांगतो. होमाचा जाळ भडकतो तेव्हा माणसं तीच असतात, जागाही जवळपास तीच असते, फक्त त्यांच्या तोंडावरचा उजेड दुप्पट होतो. एन्कोडर, म्हणजे चित्र आकसणारा प्रोग्रॅम, मागच्या फ्रेममध्ये तसाच तुकडा शोधतो आणि तो सापडत नाही. मग तो सगळं नव्याने लिहायला बसतो, हातातले बिट्स पहिल्या चार रांगांतच संपतात आणि उरलेल्या चित्राचे चौकोन होतात. पालखी नाचण्याचा क्षणच तेवढा हुकतो.

यावरचा उपाय आम्ही शोधला असं मी म्हणणार नाही. तो सगळ्यांना माहीत असलेला उपाय होता, आम्ही तो लिहून काढला. आता उलगडायच्या ब्लॉकच्या, म्हणजे चित्राच्या छोट्या चौकोनी तुकड्याच्या, वरची पिक्सेलची ओळ आणि डावीकडचा स्तंभ डिकोडरकडे, म्हणजे चित्र उलगडणाऱ्या प्रोग्रॅमकडे, आधीच आलेले असतात. मागच्या फ्रेममधल्या जुळणाऱ्या ब्लॉकच्या भोवतालचे तसेच पिक्सेलही त्याच्याकडे असतात. समजा मागच्या फ्रेममधले शेजारी १००, ११०, १२०, १३० आहेत आणि आताचे ६०, ६५, ७०, ७५. अकरावीतली कुठलीही मुलगी सांगेल की निम्मे करा आणि १० मिळवा. तोच हिशेब ब्लॉकच्या आतल्या पिक्सेलना लावायचा. गुणक आणि बेरीज हे दोन्ही आकडे डिकोडर स्वतःच काढतो, ते पाठवावे लागत नाहीत. दुसऱ्या वर्षी हे सुरू केलं आणि आत्याला देवी दिसली.

त्यानंतर दीड वर्षाने एक पत्र आलं. मी त्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण एका कंपनीशी नाही. पत्रात अनेक देशांतल्या पेटंटांची आणि अर्जांची लांबलचक यादी होती आणि खाली "यापुरतेच मर्यादित नाही" असा शेरा. तुमच्या पेटीतली ब्राइटनेस कॉम्पेन्सेशनची, म्हणजे उजेडाच्या भरपाईची, पद्धत आमच्या हक्कात येते, दर पेटीमागे लायसन्स घ्या, असं म्हणणं होतं. नेमका कुठला क्लेम, म्हणजे पेटंटातलं हक्क सांगणारं कुठलं वाक्य, आणि आमच्या कोडमधली कुठली पायरी, याचं उत्तर दोनदा विचारूनही आलं नाही. वकिलांनी पहिल्या मताचा जो आकडा सांगितला, त्यात आमचं सहा महिन्यांचं भाडं निघालं असतं. आम्ही चौघांनी एका संध्याकाळी बसून ठरवलं आणि कोडमधला तो भाग बंद केला. पालखी पुन्हा चौकोनांत गेली.

त्यानंतर मी या विषयावरचे प्रसिद्ध झालेले अर्ज वाचायला लागलो, रोज रात्री जेवण झाल्यावर, जवळजवळ वर्षभर. त्या वाचनातून जे मनात साठलं, ते हे पत्र आहे. तुमच्यातले बहुतेक जण माझ्यासारखे इंजिनिअर किंवा विज्ञानाचे पदवीधर आहेत. म्हणून थोडं तांत्रिक बोलतो. वाचणाऱ्या बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं. परीक्षण कशाचं होतं हे कळल्याशिवाय ते नीट का व्हायला हवं हे कळणार नाही.

उजेडाची भरपाई ही जुनी गोष्ट आहे. दोन फ्रेममधला उजेडाचा फरक एक गुणाकार आणि एक बेरीज यांनी मांडता येतो, हे १९८७ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ऑप्टिकल फ्लोच्या, म्हणजे चित्रांवरून हालचाल मोजण्याच्या, संदर्भात लिहिलं. १९९८ मध्ये जपानच्या एनटीटीतल्या मंडळींनी व्हिडिओ कोडिंगमध्ये, म्हणजे व्हिडिओ आकसण्याच्या तंत्रात, पूर्ण फ्रेमचा उजेड याच दोन आकड्यांनी भरून काढायची पद्धत प्रसिद्ध केली. २००३ मध्ये एच.२६४ आलं आणि त्यात वेटेड प्रेडिक्शन आलं: वजनाने गुणा, अर्धी मात्रा मिळवा, उजवीकडे शिफ्ट करा, ऑफसेट मिळवा. मघाचंच उदाहरण घ्या. वजन ३२ आणि शिफ्ट ६, म्हणजे ६४ ने भागणं, धरलं तर १०० चे ५० होतात, ऑफसेट १० मिळवला की ६०. २००६ च्या व्हीसी-१ या मानकात हीच कल्पना इंटेन्सिटी कॉम्पेन्सेशन या नावाने आहे. एच.२६४ नंतर आलेल्या २०१३ च्या एचईव्हीसी या मानकाने वेटेड प्रेडिक्शन ठेवलं, त्यानंतरच्या २०२० च्या व्हीव्हीसीनेही ठेवलं. शेजारच्या पिक्सेलवरून प्रत्येक ब्लॉकचे आकडे काढायची पद्धत अनेक कॅमेऱ्यांच्या व्हिडिओसाठीच्या थ्रीडी-एचईव्हीसीत २०१५ मध्येच मानक म्हणून आली, कारण दोन कॅमेऱ्यांचा उजेड कधीच तंतोतंत सारखा नसतो. व्हीव्हीसीच्या आधी प्रयोगासाठी बनवलेल्या जेईएम या सॉफ्टवेअरमध्ये ती लोकल इल्युमिनेशन कॉम्पेन्सेशन या नावाने होती. शेजारी पिक्सेल एकाआड एक घ्यायचे, लीस्ट स्क्वेअर्सने, म्हणजे एकूण चूक कमीत कमी ठेवणारी रेषा बसवून, दोन आकडे काढायचे, ब्लॉकमागे चालू की बंद सांगणारा एक फ्लॅग ठेवायचा, मर्ज मोडमध्ये, म्हणजे शेजारच्या ब्लॉकचीच माहिती वापरताना, तो फ्लॅग शेजाऱ्याकडून उचलायचा, आणि दोन फ्रेमच्या हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या वाटणीच्या आलेखांत) फारसा फरक नसेल तर त्या फ्रेमपुरतं सगळंच बंद ठेवायचं. हे सगळं जाहीर कागदांत लिहिलेलं आहे. लीस्ट स्क्वेअर्स तर लजांद्र या गणितज्ञाने १८०५ मध्येच छापली होती.

मग इतक्या वर्षांनंतरही अर्ज कशाचे येतात? वरचीच ओळ घ्या, डावी घेऊ नका. डावीच घ्या, वरची नको. एकाआड एक ऐवजी चारांत एक. ब्लॉक अमुक आकारापेक्षा लहान असेल तर बंद. दोन बाजूंनी प्रेडिक्शन, म्हणजे दोन फ्रेमवरून अंदाज, असेल तर बंद. एकाऐवजी दोन रेषा, उंबरठ्याच्या खाली एक आणि वर एक. यातल्या काही गोष्टी उपयोगी आहेत, हे मी नाकारत नाही. पण यातल्या काही युक्त्या व्हीव्हीसीत दुसऱ्याच कामासाठी आधीपासून वापरात आहेत. ल्यूमावरून (उजेडावरून) क्रोमाचा (रंगाचा) अंदाज काढताना तिथेही शेजाऱ्यांवरून एक रेषाच बसवतात, आणि फक्त वरच्या किंवा फक्त डाव्या शेजाऱ्यांवरून ती काढायची सोय मानकातच आहे. एका टेबलावरची युक्ती शेजारच्या टेबलावर नेणं हे या क्षेत्रातल्या माणसाचं रोजचं काम आहे. दर महिन्याला पगार घेऊन तो ते करतो.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार शोधाशोधीबद्दल आहे. पेटंटचं परीक्षण करताना आधीची पेटंटंच शोधायची सवय जगभर आहे. त्यात तुमचा एकट्याचा दोष नाही. पण व्हिडिओ कोडिंगचं खरं ज्ञान पेटंटांत नंतर येतं. आधी ते मानक बनवणाऱ्या बैठकांच्या कागदांत येतं. जेव्हीटी, जेसीटी-व्हीसी आणि जेव्हीईटी या मानक बनवणाऱ्या समित्यांच्या प्रत्येक बैठकीला शेकडो प्रस्ताव येतात. प्रत्येकाला क्रमांक असतो, तारीख असते, सोबत आकड्यांचे तक्ते आणि बऱ्याचदा कोडही असतो. हे कागद कुणालाही उतरवून घेता येतात. त्यांत एखादी पद्धत नाकारलेली असते, एखादी कुणीतरी तोंडी सुचवून पुढच्या बैठकीत मांडलेली असते. एखाद्या अर्जाच्या तारखेआधीच्या दोन बैठका चाळल्या तर त्यातला निम्मा "नवेपणा" कुणा तिसऱ्याच कंपनीच्या प्रस्तावात सापडतो. हे मी अंदाजाने बोलत नाही. रात्रीमागून रात्री मी स्वतः ते शोधलं आहे.

परदेशातून पीसीटी या आंतरराष्ट्रीय पेटंट कराराच्या मार्गाने आलेल्या अर्जासोबत आंतरराष्ट्रीय शोध अहवाल असतोच, हे मला ठाऊक आहे. पण तो दुसऱ्याने, दुसऱ्या क्लेमवर केलेला शोध असतो. तो हातात आहे म्हणून काम झालं असं होत नाही. युरोपीय पेटंट कार्यालयाने ईटीएसआय, आयट्रिपलई आणि आयटीयू या मानक संस्थांशी करार करून त्यांचे कागद आपल्या परीक्षकांच्या शोधात आणले. आणि हे आपल्याला नवीन का वाटावं? १९९५ मध्ये हळदीने जखम बरी करण्यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ३२ संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. १९५३ मधला भारतीय वैद्यक नियतकालिकातला एक लेखही त्या संदर्भांत होता. आमच्या आजीला माहीत असलेली गोष्ट अमेरिकेतल्या परीक्षकाच्या डेटाबेसमध्ये नव्हती, एवढाच तो प्रश्न होता. त्यातून आपण पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं केलं आणि जगभरच्या परीक्षकांना ते उघडून दिलं. आज बाजू उलटी आहे. आता परीक्षक आपला आहे आणि त्याने उघडायचं ग्रंथालय जिनिव्हाच्या बैठकांचं आहे. त्या वेळी आपण जगाला जे सांगितलं, ते आज स्वतःला लागू करायला काय हरकत आहे?

दुसरी तक्रार पेटंट कायद्यातल्या कलम ३(के) बद्दल. गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम हे शोध मानले जाणार नाहीत, असं १९७० च्या कायद्यात २००२ च्या दुरुस्तीपासून लिहिलेलं आहे. २००४ च्या डिसेंबरमध्ये अध्यादेशाने ते सैल करायचा प्रयत्न झाला, पण संसदेने २००५ मध्ये मूळ शब्दच कायम ठेवले. पुढे मार्गदर्शक तत्त्वांचं काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये एक आवृत्ती आली, डिसेंबरमध्ये ती थांबवली गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये नवीन हार्डवेअरची अट आली, जून २०१७ मध्ये ती गेली. आणि २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक भर असेल तर केवळ सॉफ्टवेअर म्हणून दार लावता येणार नाही.

मला त्या निकालाशी भांडायचं नाही. व्हिडिओ आकसणं हे तांत्रिक काम आहे, ते नुसतं गणित नाही, हे मान्य करायला मी तयार आहे. नाहीतर माझ्या धंद्याला तरी काय अर्थ उरतो? माझी तक्रार या कलमाभोवती जो रिवाज पडला आहे त्याबद्दल आहे. ३(के) ची हरकत निघते, अर्जदार क्लेममध्ये "प्रोसेसर आणि मेमरी असलेले उपकरण" असे शब्द घालतो, दोन परिच्छेद तांत्रिक परिणामावर लिहितो आणि सगळी चर्चा तिथेच संपते. त्या गडबडीत खरा प्रश्न बाजूला पडतो: या क्लेममध्ये आधीपेक्षा वेगळं नेमकं काय आहे, आणि या विषयातल्या जाणकाराला ते सहज सुचलं नसतं का? कलम २(१)(जेए) तो प्रश्न विचारायला सांगतं. ३(के) चं दार एकदा उघडलं की सगळं वजन याच प्रश्नावर, म्हणजे इन्व्हेंटिव्ह स्टेपवर, येतं, आणि तिथेच सर्वांत जास्त शाई खर्च व्हायला हवी.

तिसरी तक्रार "तांत्रिक परिणाम" या शब्दाबद्दल. "कोडिंगची कार्यक्षमता वाढते" असं एक वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं. किती वाढते? आमच्या क्षेत्रात याचं मोजमाप ठरलेलं आहे. २००१ मध्ये यिस्ले ब्योंटेगार्ड यांनी दिलेली पद्धत आम्ही सगळे बीडी-रेट म्हणून वापरतो: तेवढ्याच दर्जासाठी किती टक्के कमी बिट्स लागले. कुठल्या क्लिपवर, कुठल्या सेटिंगवर तपासायचं हेही जेव्हीईटीने ठरवून दिलं आहे. बैठकीत कुणी आकड्यांशिवाय प्रस्ताव मांडला तर त्याला दुसरा प्रश्नही विचारत नाहीत. जो माणूस बैठकीत आकडे देतो, त्यालाच पेटंटच्या अर्जात ते द्यायला अडचण का यावी? वीस वर्षांची मक्तेदारी मागणाऱ्याकडून आपण बैठकीपेक्षा कमी पुरावा का मागतो?

इथे थोडं थांबतो, कारण सगळंच जुनं आणि सगळंच फुकट असं माझं म्हणणं असल्याचा गैरसमज व्हायला नको. शेजारच्या पिक्सेलवरून उजेड भरून काढण्यात एक खरी अडचण आहे. शेजारचा ब्लॉक पूर्ण उलगडल्याशिवाय या ब्लॉकचे आकडे निघत नाहीत, त्यामुळे चिपमध्ये एकामागून एक थांबून राहावं लागतं, समांतर काम तुटतं. पद्धत चांगली असूनही व्हीव्हीसीत ती आली नाही, त्यामागे ही अडचण होती. दुसरी अडचण भागाकाराची. रेषा बसवायची तर भागाकार करावा लागतो, डिकोडरमध्ये तो महाग पडतो. एन्कोडर आणि डिकोडरचं उत्तर एका बिटाने जरी वेगळं आलं तरी चूक पुढच्या प्रत्येक फ्रेममध्ये साचत जाते. आमच्या पेटीत पहिल्यांदा आम्ही दशांशात हिशेब केला होता. सर्व्हरवरचं उत्तर किंचित वेगळं येत होतं आणि दहा सेकंदांत पालखीचा रंग हिरवट व्हायला लागायचा. मग भागाकाराऐवजी व्यस्त आकड्यांचा (१ भागिले तो आकडा) तक्ता करून सगळं पूर्णांकात आणलं, त्यात आमचे तीन आठवडे गेले. या अडचणींवर कुणी खरोखर नवी वाट काढली असेल तर त्याला पेटंट मिळावं, मी पैसे मोजून ते लायसन्स घेईन. परीक्षण कडक झालं तर त्याचा सर्वांत मोठा फायदा अशाच माणसाला होणार आहे. आज त्याचा खरा शोध आणि "वरची ओळ घ्या" हा क्लेम एकाच यादीत, एकाच किमतीला विकले जातात.

चौथी तक्रार दाद मागण्याच्या वाटेबद्दल. कलम २५(१) मध्ये अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कुणालाही हरकत घेता येते. ही आपल्या कायद्यातली फार मोलाची सोय आहे. ही हरकत आधी मोफत होती. मार्च २०२४ च्या दुरुस्त नियमांनी तिला फी लावली आणि हरकत दाखल करून घ्यायची की नाही हे आधी ठरवायचं असं केलं. खोट्या हरकती टाकून अर्ज रखडवले जातात ही तुमची अडचण मी समजू शकतो. पण मला हरकत घ्यायची नसते, मला फक्त एक कागद दाखवायचा असतो: या क्रमांकाचा प्रस्ताव, या तारखेचा, पान तीन बघा. युरोपात कुणीही तिसरा माणूस असा कागद कळवू शकतो, त्याला फी नाही आणि तो त्या प्रकरणात पक्षकारही होत नाही. आपल्याकडे एम.टेक. करणाऱ्या मुलाला असा कागद सापडला तर त्याने फी भरून, निवेदन तयार करून, सुनावणीला उभं राहायचं? तो राहणार नाही. त्याला दिसलेला कागद त्याच्याच लॅपटॉपमध्ये राहील.

पेटंट एकदा दिलं गेलं की पुढे काय होतं हेही सांगतो. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लाव्हा या मोबाइल कंपनीला पेटंटभंगापोटी एरिक्सनला सुमारे २४४ कोटी रुपये द्यायला सांगितले. त्याच खटल्यात एरिक्सनचं एक पेटंट नवेपणा नाही म्हणून अवैधही ठरलं. ते अवैध आहे हे कळायला नऊ वर्षांची कोर्टबाजी लागली. लाव्हाकडे वकील होते. माझ्यासारख्याच्या बाबतीत ते पेटंट अवैध आहे हे कधीच कुणाला कळत नाही, कारण आम्ही पत्र आल्याच्या आठवड्यात स्विच बंद करतो. म्हणूनच लहान माणसासाठी तुमचं टेबल हेच पहिलं आणि शेवटचं कोर्ट असतं.

पाचवी गोष्ट थोडक्यात. मानकाच्या संस्थेकडे कंपन्या आपली पेटंटं कळवतात, पण वाजवी अटींवर लायसन्स द्यायला तयार असल्याचं एक सर्वसाधारण पत्र दिलं तरी चालतं, पेटंटचे क्रमांक द्यावेच लागतात असं नाही. त्यामुळे कुठलं भारतीय पेटंट कुठल्या मानकाला लागू आहे असं त्याचा मालक मानतो, हे मला कुठेच वाचायला मिळत नाही. आपल्याकडे फॉर्म २७ होता, पेटंट देशात कसं वापरलं जातं ते सांगणारा. २०२४ पासून तो तीन आर्थिक वर्षांतून एकदाच भरायचा आहे आणि त्यातला तपशीलही कमी केला आहे. एक खिडकी होती, तीही अर्धी लावून घेतली.

माझ्या मागण्या अशा आहेत.

व्हिडिओ कोडिंगच्या प्रत्येक अर्जाच्या परीक्षणात जेव्हीटी, जेसीटी-व्हीसी आणि जेव्हीईटीचे कागद शोधावेत, आणि कुठल्या बैठकांचे कागद पाहिले ते पहिल्या परीक्षण अहवालात लिहावं. काही सापडलं नाही तरी लिहावं.

अर्जदार तांत्रिक परिणाम म्हणून कार्यक्षमता सांगत असेल तर ठरलेल्या चाचण्यांवरचे बीडी-रेटचे आकडे आणि डिकोडरला लागणारा वेळ मागावा. आकडे नसतील तर तो परिणाम गृहीत धरू नये.

पेटंट देण्याच्या आदेशात एक छोटा तक्ता असावा: क्लेममधली प्रत्येक पायरी, ती आधी कुठे होती, आणि नवी असेल तर ती जाणकाराला सहज का सुचली नसती. एक पान पुरेल. उंबरठा, आकार, प्रमाण असे शब्द क्लेममध्ये मोघम असतील तर कलम १० खाली ते नेमके करून घ्यावेत.

हरकतीची फी व्यक्तींना, विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना माफ करावी. ते लगेच शक्य नसेल तर निदान तिसऱ्या माणसाला प्रायर आर्टचा, म्हणजे आधीच माहीत असलेल्या ज्ञानाचा, कागद विनाशुल्क, पक्षकार न होता पाठवता यावा आणि परीक्षकाने तो वाचल्याची नोंद अर्जाच्या फाइलमध्ये दिसावी.

आणि मालक आपलं पेटंट कुठल्या मानकासाठी आवश्यक मानतो, हे त्याला नोंदवहीत जाहीर करायला लावावं. जे पेटंट पत्रांत वापरायचं, ते नोंदवहीतही सांगायला हवं.

तुमच्यावर कामाचा किती बोजा आहे याची मला कल्पना आहे. एका परीक्षकाकडे आज उजेडाची भरपाई, उद्या बॅटरी, परवा अँटेना असतो. व्हिडिओ कोडिंगमध्येच मुरलेला माणूस प्रत्येक टेबलावर बसवा असं मी म्हणत नाही. उलट, या क्षेत्रातले आम्ही बरेच जण मोबदल्याशिवाय मदत करायला तयार आहोत. उजेड भरपाईच्या पद्धतींचा १९८७ पासूनचा कालक्रम मी मांडला आहे: कुठली पायरी पहिल्यांदा कुठल्या कागदात आली, त्याचा क्रमांक, तारीख आणि पान. ४१ नोंदी आहेत. तो मी या पत्रासोबत टपालाने पाठवत आहे आणि कुणीही परीक्षकाने मागितला तर लगेच देईन. त्यात चूक आढळली तर जरूर कळवावी, मी दुरुस्त करीन.

शिमगा फाल्गुनात आहे. आमच्या पेटीतला तो भाग अजून बंदच आहे. आत्याने परवा विचारलं, यंदा तरी दिसेल का रे? मी तिला सांगितलं की मी एक पत्र लिहितो आहे.

आपला विश्वासू,
एक एन्कोडर लिहिणारा,
पुणे